तीन पाण्यांनी

पातेल्याच्या उजव्या कानाला तार गुंडाळलेली होती, शेवटचं टोक आत मुडपलेलं, आणि ती तार ज्या बोटांनी गुंडाळली होती तीच बोटं आत्ता तिच्यावरून फिरत होती. मावशीनं हात एकदम मागे घेतला. भांडं कोमट होतं, तरी चटका बसल्यासारखी ती दोन पावलं सरली. व्हॅनमधून भांडी उतरवणारा लंबू म्हणाला, "काय झालं मावशी? झुरळ?" "नाही रे. कुठून आलं हे?" "नवीन गिऱ्हाईक आहे आपलं. कारखान्याचं कँटीन. आजपासून रोज देणार. भात आणि वाटाण्याची भाजी, चाळीस माणसांचं तरी आहे," लंबू म्हणाला आणि पुढचं भांडं आणायला गेला. मावशी खाली वाकली. पातेल्याच्या पोटावर, काजळीच्या थराखाली, तिनं अंगठा फिरवला. एक, दोन, तीन. खिळ्यानं ठोकलेले ठिपके. सात. त्या कँटीनमधल्या एकाही बाईला आकडा वाचता येत नव्हता, म्हणून पातेल्यांना ठिपके होते, आणि सात ठिपक्यांचं पातेलं अठरा वर्षं तिचं होतं. म्हणजे भांडं अजून टाकलं नव्हतं त्या कंत्राटदारानं. अन्न सोडून तो काहीच कधी टाकत नसे, हे आठवून तिला हसू आलं, आणि हसता हसता दात दातांवर घट्ट बसले ते तिच्या लक्षातच आलं नाही.

ही जागा पूर्वी गॅरेज होती. जमिनीवर तेलाचे डाग होते, ते कितीही घासले तरी जात नव्हते. भिंतीला लागून लांब टेबल, टेबलावर डबे, एका कोपऱ्यात नळ आणि मोरी, आणि दाराला अर्धी फळी लावून केलेली खिडकी, जिच्यापलीकडे सहा वाजता रांग लागायची. कॉलेजातल्या दहा-बारा पोरापोरींनी हे चालवलं होतं. ऑफिसांच्या खानावळी, हॉस्टेलं, समारंभाचे हॉल इथून उरलेलं अन्न दुपारी गोळा करायचं, तपासायचं, डब्यांत भरायचं आणि आसपासच्या चार गल्ल्यांत ज्यांच्या घरी संध्याकाळची चूल पेटायची खात्री नाही त्यांना द्यायचं. सगळ्यांची मुख्य एक मुलगी होती. गळ्यात शिट्टी घालायची म्हणून तिला सगळे कप्तान म्हणत. मावशी त्यांना सापडली ती रांगेत. पहिल्या आठवड्यात डबा घ्यायला आली, झाकण उघडून नाकाशी नेलं आणि म्हणाली, "पोरी, हे वाटू नकोस. तासाभरात आंबेल." कप्तानला पटलं नव्हतं. पण तासाभरानं डबे उघडले तर भाजीला फेस. दुसऱ्या दिवशी कप्तान तिच्या खोलीवर हजर. तेव्हापासून आलेलं प्रत्येक पातेलं आधी मावशीपुढे जायचं. ती वास घ्यायची, बोटाच्या टोकावर घेऊन चाखायची आणि झाकणावर खडूनं खूण करायची. बरोबरची खूण म्हणजे डब्यात. फुली म्हणजे बाद. भिंतीवर पोरांनी नियम लिहिले होते, त्यात सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत होतं, 'मावशींचा शब्द शेवटचा.' ते तिला कुणी वाचून दाखवावं लागलं नव्हतं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, लहान मुलांच्या बाकावर बसून ती अक्षरं शिकली होती. भिंतीवरच्या त्या तीन शब्दांकडे ती रोज एकदा बघून घ्यायची. आयुष्यात तिचा शब्द पहिलाही कधी नव्हता, मग शेवटचा कुठला.

तिनं झाकण उचललं. वाफ गेलेली होती. भात मोकळा, वाटाणे हिरवेगार, जिऱ्याचा वास. अन्न उत्तम होतं. नाकानं सांगितलं, बोटानं सांगितलं, जिभेनंही सांगितलं. आणि तरी त्या तिघांच्या मागून, कुठूनतरी खोलातून, तो दुसरा वास आला. पांढऱ्या पाण्याचा. फिनेलचा. तो भातात नव्हता हे तिला माहीत होतं. तो तीस वर्षांपूर्वीच्या त्या भातात होता.

कँटीनचा कंत्राटदार तेव्हा चाळिशीचा असेल. भात वाढताना स्वतः डावावर नजर ठेवून उभा राहायचा म्हणून बायका त्याला मागून मापाडी म्हणायच्या. साडेतीनला शेवटची पाळी जेवून गेली की उरलेलं सगळं एका पातेल्यात करायचं, आणि त्यावर फिनेल ओतून मागच्या खड्ड्यात टाकायचं, हा त्याचा कायदा. बायका उरलेलं घरी न्यायला लागल्या तर मुद्दाम जास्त शिजवतील, असं त्याचं गणित होतं. मावशीची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. शाळा सुटली की कारखान्याच्या फाटकाशी दगडावर बसून आईची वाट बघायची. नवरा कामाच्या शोधात गेला तो गेलाच होता. एके दिवशी मावशीनं दोन मुठी भात फडक्यात बांधून कमरेला खोचला. मापाड्यानं बरोबर फाटकातच अडवलं. ओरडला नाही. त्याचं कधी ओरडणं नसायचंच. "आत चल," म्हणाला. आत पातेल्यापाशी नेलं, फडकं सोडायला लावलं, भात परत टाकायला लावला आणि बाटली तिच्या हातात दिली. "ओत." "साहेब, चांगलं अन्न आहे हो. बाहेर पोर उभी आहे." "उद्या ताजं मिळेल. ओत. तुझ्या हातानं ओत." सगळ्या बायका खाली मान घालून भांडी घासत होत्या. फाटकाच्या गजांतून पोरगी बघत होती. तिनं ओतलं. आणि मग, सगळे गेल्यावर, तिनं तोंडातून शब्द काढला, तो आजही तिला आठवला की अंगावर काटा येतो. "साहेब, धुतलं तर जातं का हो हे?" मापाड्यानं तिच्याकडे बघितलं. हसला. मजेत आलेला माणूस हसतो तसा. "तीन पाण्यांनी धू. जाईल."

तिनं धुतला. वरचा थर बाजूला करून तळातला भात उचलला, घरी नेला, तीन पाण्यांनी धुतला. नाक सांगत होतं, गेलेलं नाही. पण नाकाचं कोण ऐकतो, साहेब शिकलेला माणूस, बाटलीवर लिहिलेलं त्याला वाचता येतं, तो म्हणाला जाईल म्हणजे जाईल. तिनं स्वतःच्या नाकावर हात ठेवला आणि त्याच्या शब्दावर विश्वास. पोरीनं चार घास खाल्ले आणि पाचव्याला थांबली. पुढचे तीन दिवस दवाखान्याच्या लोखंडी खाटेपाशी मावशी उभी होती. पोरगी वाचली. आज ती दूरच्या शहरात शिक्षिका आहे, दोन मुलांची आई आहे, आणि अजूनही ताटातला पहिला घास आधी नाकाशी नेते. लग्नात, पाहुण्यांकडे, कुठंही. जावयाला वाटतं बायको नखरेल आहे. मावशी त्या घटनेनंतरही तेरा वर्षं त्याच कँटीनमध्ये राबली, कारण दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं. तेरा वर्षं रोज साडेतीनला वास घेत राहिली. पोरं आज ज्या नाकाचं कौतुक करतात ते नाक तिथं तयार झालं. आणि अक्षरं शिकली तेव्हा, क्लासच्या दुसऱ्या महिन्यात, ती एका दुकानात गेली, मांडणीवरून ती बाटली उचलली आणि एकेक अक्षर जोडत मागची बारीक ओळ वाचली. 'पोटात गेल्यास ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे.' दुकानदार म्हणाला, "आजी, घ्यायची आहे का?" ती तशीच उभी. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो निष्काळजीपणे बोलला असेल. त्या दिवशी कळलं, त्यानं ही ओळ वाचलेली होती.

"मावशी, हे कसं आहे?" कप्तानचा आवाज आला. मावशीनं झाकण लावलं, खडू घेतला आणि त्यावर फुली मारली. इतकी ठळक फुली तिनं कधी मारली नव्हती. "वास येतोय," ती म्हणाली. कप्तानच्या कपाळाला आठी पडली. तिनं चष्मिषला हाक मारली. चष्मिष हा विज्ञान शिकणारा पोरगा, बाद अन्नाचं काम त्याच्याकडे होतं. मागच्या गल्लीत कचऱ्याचा मोठा पिंप होता. सुरुवातीला बाद अन्न नुसतंच तिथं टाकत, तर रात्रीची दोन माणसं ते उचलून खाऊन आजारी पडली होती. तेव्हापासून पोरांनीच नियम केला होता, की बाद अन्नावर फिनेल ओतूनच टाकायचं, म्हणजे वासानंच कुणी शिवणार नाही. मावशीनं त्या नियमाला हरकत घेतली नव्हती. पोरांचं म्हणणं खरं होतं. फक्त ते काम सुरू झालं की ती नळाशी जायची आणि रिकामी भांडी घासत बसायची. आजही ती घासत बसली. पाठीमागे बाटलीचं बूच फिरल्याचा आवाज आला. ती मोठ्यानं पाणी सोडून घासत राहिली, आणि तिच्या आत कुणीतरी टाळ्या पिटत होतं.

त्या संध्याकाळी रांगेतल्या शेवटच्या अकरा जणांना नुसते पाव मिळाले. त्यांत चमचेवाले आजोबा होते. हे जन्मभर टाइपरायटर दुरुस्त करत, आणि टाइपरायटरच संपले तसं त्यांचं कामही संपलं. खिशात पेनासारखा स्टीलचा चमचा खोचून यायचे. "काय मावशी, पावाला चमचा कशाला, आधी सांगायचं होतं," ते म्हणाले. "उद्या सांगेन," ती म्हणाली. "उद्या काय, कात्री घेऊन येऊ?" मागची माणसं हसली. ती पण हसली. घरी जाऊन तिनं चहा केला आणि खुर्चीत बसली. तिला वाटलं होतं, मन भरेल. भरलं नाही, पण भूक मात्र वाढली. भिंतीवर लिहिलेला दुसरा एक नियम तिला आठवला, की सलग तीनदा बाद झालं की ते ठिकाण यादीतून कायमचं काढायचं आणि तसं लेखी कळवायचं. अजून दोन. रात्री मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून मुलगी म्हणाली, "आई, आवाज का असा? काही झालंय?" "कुठं काय." "खूश आहेस?" "हो गं. एकाचं उट्टं काढतेय." मुलगी हसली, तिला वाटलं आई शेजारणीचं बोलतेय. "काढ काढ, सोडू नकोस," म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. म्हणजे दवाखाना आठवत होता, पण भात आईनं कुठून आणला, कसा धुतला, ते मावशीनं कधी सांगितलं नव्हतं. ओतणारा हात आपला, धुणारा हात आपला, भरवणारा हात आपला. त्यात मापाड्याचा हात कुठंच नव्हता. हेच तर तिला आयुष्यभर खात आलं होतं. त्याचा हात त्यात आला पाहिजे. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तेच पातेलं, तशीच फुली. कप्तान जवळ येऊन हळूच म्हणाली, "मावशी, नक्की ना? त्या माणसाचा सकाळी फोन होता. त्याचं कंत्राट नव्यानं व्हायचंय, आपलं पत्र लागणार आहे की अन्न वाया जात नाही म्हणून. फार गयावया करत होता." मावशीच्या कानात ते शब्द मध घालावा तसे गेले. गयावया. हा शब्द त्याच्यासाठी कुणी वापरेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "म्हातारा आहे का गं?" तिनं विचारलं. "हो, आवाजावरून खूप." "हं," मावशी म्हणाली. "भाज्या आदल्या दिवशीच्या वापरतो. वासच सांगतो." इतकं सरळ खोटं ती पहिल्यांदाच बोलली होती, आणि ते इतक्या सहज निघालं की जणू तोंडात आधीपासून तयार होतं. त्या दिवशी रांगेत चौदा माणसं पावावर गेली. चमचेवाल्या आजोबांनी खरंच कात्री आणली होती. कोणी हसलं नाही. आजोबांच्या गालाची हाडं वर आलेली तिला आज दिसली, पण डोळे तिथून काढून तिनं पुढच्या माणसाला पाव दिला.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला. व्हॅनमधून आधी लंबू उतरला, मग पातेलं, मग एक वाळका माणूस काठीवर भार देत. शर्ट इस्त्रीचा, पण गळ्याला सैल. मावशी टेबलापाशी उभी होती. त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि ती जिची तीस वर्षं वाट बघत होती ती गोष्ट घडलीच नाही. त्याच्या डोळ्यांत काहीही हललं नाही. "बाई, तुम्हीच का त्या?" तो म्हणाला. "जरा माझ्यासमोर तपासून बघा हो. सकाळी अकराला शिजवलंय, माझ्या देखत." तिनं झाकण काढलं. वास घेतला. चांगलं. चाखलं. मीठसुद्धा बेताचं. मग तिनं झाकण लावलं आणि सावकाश, त्याला दिसेल अशी, फुली मारली. "कसला वास येतोय?" त्यानं विचारलं. आवाज चिरका झाला होता. "फिनेलचा." "फिनेल? भातात? अहो काहीतरीच काय!" तो पोरांकडे वळून हसला. त्या हसण्यावरून मावशीनं त्याला शंभर माणसांत ओळखलं असतं. त्याला मात्र ती आठवतच नव्हती; तिनं कँटीन सोडूनही सतरा वर्षं झाली होती, आणि तेव्हाही तो बायकांच्या तोंडांकडे नाही, डावांकडे बघायचा. इतक्या बायका, इतकी पातेली, इतके साडेतीन, त्यातला एक कशाला आठवेल. ज्याच्या डोक्यात आपण कधी राहिलोच नाही त्याच्यावर सूड कसा घ्यायचा, हे तिला कळेना, आणि त्यामुळे ती अजूनच पेटली.

चष्मिषची परीक्षा होती, तो आला नव्हता. कप्ताननं मागून बाटली आणली आणि मावशीपुढे धरली. "मावशी, तुम्हीच करता का? मी यादीतून काढल्याचं पत्र लिहायला घेते." बाटली हातात आली. तोच आकार. तिनं ती तशीच पुढे केली, म्हाताऱ्यासमोर. "तुम्ही ओता." "मी?" "तुमचं अन्न आहे. तुमच्या हातानं ओता." फळीपलीकडे रांग लागायला सुरुवात झाली होती, तिथल्या माना आत वळल्या. म्हाताऱ्यानं कप्तानकडे बघितलं, कप्ताननं भिंतीकडे. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, कदाचित ऐकलं तर ते टळेल आणि आपलं पत्र मिळेल असं, त्यानं काठी टेबलाला टेकवली आणि बूच फिरवायला लागला. बूच सुटलं आणि भसकन पांढरं पाणी त्याच्या मनगटावर, बाहीत, बोटांच्या बेचक्यांत सांडलं. गॅरेजभर वास पसरला. तो तसाच बाटली धरून उभा, आणि त्याच्या तोंडून शब्द निघाले, "बाई, चांगलं अन्न आहे हो. बाहेर माणसं उभी आहेत."

मावशीनं डोळे मिटले. हे वाक्य तिचं होतं. त्याच चालीत, त्याच अजीजीत. याच्यापुढचं वाक्यही तिला पाठ होतं, ते तोंडात येऊन बसलं होतं, नुसतं ओठ उघडायचे होते. उद्या ताजं मिळेल. ओता. तिनं डोळे उघडले तेव्हा तिला कप्तान दिसली. कप्तान पातेल्यावर वाकली होती. झाकण किंचित वर करून ती वास घेत होती, भाताचा. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ आला, तिनं पुन्हा वास घेतला, आणि मग मान हलवून झाकण ठेवून दिलं. म्हणजे पोरीला कळलं होतं. तिच्या नाकानं तिला बरोबर सांगितलं होतं, आणि तिनं नाकावर हात ठेवून मावशीच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. शिकलेला माणूस म्हणाला जाईल, म्हणजे जाईल. जाणती मावशी म्हणाली वास येतो, म्हणजे येतो. फळीवर टकटक झाली. चमचेवाले आजोबा आज कात्री नाही, चमचाच घेऊन आले होते, आणि तो फळीवर हलकेच आपटत होते, लहान मूल ताटावर आपटतं तसा.

"थांबा," मावशी म्हणाली. तिनं म्हाताऱ्याच्या हातून बाटली घेतली, बूच घट्ट लावलं, आणि पदरानं झाकणावरची फुली पुसली. पुसताना पांढरा फराटा उरला, तो थुंकी लावून पुसला. "कप्तान, ह्याला वास नाही. आज नाही, काल नव्हता, परवाही नव्हता." "म्हणजे?" "म्हणजे मी खोटं बोलले." लंबूच्या हातातला डबा खाली पडून गडगडत गेला. कप्तान पुढे आली. "का पण, मावशी?" मावशीनं म्हाताऱ्याकडे बोट केलं. "ह्यांना विचार." "मला काय माहीत!" म्हातारा म्हणाला. "मी ह्या बाईंना ओळखतसुद्धा नाही. दोन दिवस चांगलं अन्न हिनं मुद्दाम? पोरी, तू साक्षीला आहेस. मला पत्र मिळालंच पाहिजे!" "मिळेल," कप्तान म्हणाली. आवाज कोरडा होता. मग तिनं मावशीपुढे हात पसरला. मावशीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं खडू त्या तळहातावर ठेवला. लहानसा तुकडा उरला होता. कप्ताननं भिंतीवरच्या ओळीकडे बघितलं, पण पुसली नाही. निदान त्या वेळी तरी नाही. मग तिनं शिट्टी फुंकली, पोरं कामाला लागली, आणि मावशी डाव घेऊन सात ठिपक्यांच्या पातेल्यातून भात वाढायला उभी राहिली, कारण तिथं उभं राहायला तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. "आज चमचा लागेल ना?" आजोबांनी विचारलं. "लागेल," ती म्हणाली आणि त्यांच्या डब्यात दोन डाव जास्त घातले. आजोबांनी डबा उघडून, तिच्यादेखत, आधी वास घेतला. मग तिच्याकडे न बघता निघून गेले.

तिला माफी मागायचं सुचत नव्हतं, पश्चात्तापही होत नव्हता. पंचवीस माणसांचे पाव तिच्या डोक्यावर होते, ते तिनं घेतले होते. पण त्या म्हाताऱ्याला तिनं एवढंसुद्धा सोडलं नव्हतं, आणि सोडणार नव्हती. तो मोरीपाशी वाकून नळाखाली हात चोळत होता. पाणी, साबण, पुन्हा पाणी. बोटं नाकाशी नेत होता, तोंड वाकडं करत होता, पुन्हा चोळत होता. रांग संपत आली तरी तो तिथंच. शेवटी ती रिकामं पातेलं घासायला नळाशी गेली. तो बाजूला झाला, ओले हात पुढे धरून, एखाद्या पोरासारखे. "बाई," तो म्हणाला, रागही आता दमला होता, "जेवायचं कसं ह्या हातानं? हा वास कशानं जातो हो?"

मावशीनं पातेलं नळाखाली ठेवलं. कानाची तार अंगठ्यानं चाचपून बघितली. अजून घट्ट होती.

"तीन पाण्यांनी धुवा," ती म्हणाली. "जाईल."